हमी आणि पोच



दुर्बल घटकांसाठी शासनाने कोणकोणत्या योजना आखल्या, याची यादी सांगण्याचे आजचे प्रयोजन नाही. ती यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगविलेली असते, तहसील कचेरीच्या फलकावर लावलेली असते. आजचा विषय त्या यादीच्या पुढचा आहे. योजना गावापर्यंत येते. पण गावाच्या वेशीपासून गरजू कुटुंबाच्या उंबरठ्यापर्यंतचे अखेरचे अंतर पुष्कळदा तोडले जात नाही. ते का राहून जाते, आणि ते भरून काढण्यासाठी गावातल्याच माणसांच्या हाती काय आहे, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

अवर्षणाशी जुनी ओळख

धाराशिव जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. बालाघाटच्या डोंगररांगांवर आणि त्यांच्या उतारांवर वसलेला हा जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. मांजरा, तेरणा, सीना, बोरी या नद्या जिल्ह्यातून वा त्याच्या सीमेवरून वाहतात. परंतु त्यांच्या पात्रांत बारमाही पाणी असते असे नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. १५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला आणि २०२३ साली उस्मानाबाद हे नाव जाऊन जिल्ह्याला धाराशिव हे नाव मिळाले. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी हे त्याचे आठ तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांहून थोडी अधिक होती आणि शंभरांतील ८३ माणसे खेड्यांत राहत होती. २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांची निवड झाली, तेव्हा महाराष्ट्रातून ज्या थोड्या जिल्ह्यांचा समावेश झाला त्यांत या जिल्ह्याचे नाव होते.

ज्या जिल्ह्यात बहुसंख्य घरांची चूल पावसावर अवलंबून असते, तेथे शासकीय साहाय्य ही वरकड गोष्ट राहत नाही. पाऊस हुकला की तीच घराची दुसरी मिळकत ठरते. म्हणूनच ती मिळकत वेळेवर हाती पडते की नाही, हा प्रश्न येथे जगण्याशी निगडित आहे.

१९७२ ने दिलेला धडा

१९७२ च्या दुष्काळाची आठवण मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या मनातून अद्याप पुसली गेलेली नाही. लागोपाठच्या वर्षांत पावसाने दगा दिला होता. विहिरी आटल्या, कणग्या रिकाम्या झाल्या. गावोगाव खडी फोडण्याची, रस्त्यांची, पाझर तलावांची आणि नालाबांधाची कामे निघाली. जमीनदार कुटुंबातील स्त्रिया आणि भूमिहीन मजुरांच्या बायका एकाच ओळीत बसून दगड फोडू लागल्या. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी स्वस्त धान्य दुकानांतून मिळे, आणि कामावर सुकडी वाटली जाई. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली होती.

एवढ्या मोठ्या आपत्तीत मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, याची दखल पुढे जगभरच्या अभ्यासकांनी घेतली. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, दुष्काळात माणूस मरतो तो केवळ धान्य नसते म्हणून नव्हे; बाजारात धान्य असूनही ते मिळविण्याचा हक्क वा ऐपत त्याच्यापाशी उरत नाही, म्हणून तो मरतो. सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी १९८९ साली मिळून लिहिलेल्या ग्रंथात महाराष्ट्रातील या दुष्काळ निवारणाची एक यशस्वी उदाहरण म्हणून चर्चा केली. खडी फोडणाऱ्या हातांना रोजची मजुरी मिळत होती, म्हणून बाजारातील धान्य त्या घरांपर्यंत गेले, हे त्यातील सार होय.

या अनुभवामागे एक विचार आधीपासून उभा होता. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेनुसार १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे रोजगाराच्या हमीचा प्रयोग करण्यात आला. मागेल त्याला काम, ही ती साधी कल्पना. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत १९७२ मध्ये तिला राज्यव्यापी योजनेचे रूप मिळाले. शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविण्यात आला आणि तो या योजनेच्या कामी लावण्यात आला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून माळरानावरच्या मजुराची मजुरी निघावी, अशी ही योजना होती. पुढे महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ साली साऱ्या देशासाठी वर्षाला १०० दिवसांच्या रोजगाराचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

‘हमी’ या शब्दाचा अर्थ

१९७२ पूर्वीही दुष्काळी कामे निघत असत. मग १९७७ च्या कायद्याने नवे काय केले? पूर्वी काम निघणे हे जिल्हाधिकाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून होते. या कायद्याने निर्णयाची पहिली कळ मजुराच्या हातात दिली. मजुराने कामाची मागणी करावयाची. मागणीपासून १५ दिवसांत त्याला काम द्यावयाचे. आणि ते देता आले नाही तर बेकारी भत्ता द्यावयाचा. त्या काळी हा भत्ता दिवसाला किमान एक रुपया इतकाच होता. रक्कम अल्प होती, परंतु तत्त्व मोठे होते. काम न मिळणे हा आता मजुराचा नशिबाचा भाग न राहता शासनाच्या खात्यावरचे देणे झाले.

या सर्व रचनेचा पाया मात्र एका कागदावर आहे. मजूर ‘नमुना ४’ मध्ये कामाची मागणी करतो आणि त्याला तारखेसह पोच मिळावी लागते. पंधरा दिवसांची मोजणी त्या तारखेपासून सुरू होते. पोच नसेल तर तारीख नाही, तारीख नसेल तर मुदत नाही, आणि मुदत नसेल तर हमीही नाही. मुंबईत झालेल्या कायद्याची सगळी ताकद अखेरीस गावातल्या हातभर चिठ्ठीत येऊन सामावते.

अनेक गावांत मजूर मागणी करतात ती तोंडी. पारावर भेट होते, ‘काम काढा’ असे सांगितले जाते, ‘पाहू’ असे उत्तर मिळते. तोंडी मागणीला तारीख नसते. काही ठिकाणी लेखी अर्ज घेतला जातो, पण पोच दिली जात नाही; किंवा काम प्रत्यक्ष निघते त्या दिवशीच मागणीची तारीख टाकली जाते. असे करणारा माणूस दुष्टच असतो असे नव्हे. पोच दिली की जबाबदारी सुरू होते, आणि वरून मंजुरी व निधी येईपर्यंत ती जबाबदारी आपल्या एकट्याच्या गळ्यात पडेल, अशी धास्ती त्याला असते. ही धास्ती समजून घेतली पाहिजे. परंतु तिचे ओझे मजुराच्या पोटावर टाकता येत नाही. उलट, तारखेची पोच दिल्यानेच ग्रामपातळीवरील कर्मचारी मोकळा होतो. मागणी आली, अमुक दिवशी वर पाठविली, हे त्याच्या हाती लेखी राहते आणि विलंब कोठे झाला ते उघड होते.

२००५ च्या कायद्यातही हेच सूत्र होते. १५ दिवसांत काम न मिळाल्यास पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यानंतर किमान निम्मा भत्ता देण्याची तरतूद त्यात करण्यात आली होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १२५ दिवसांची तरतूद असलेला नवा कायदा संमत केला. कायद्यांची नावे बदलतात, दिवसांचे आकडे बदलतात. मागणीची नोंद हीच हमीची पहिली पायरी, ही गोष्ट मात्र बदलत नाही.

एका अर्जाचा प्रवास

जे काम करू शकतात त्यांच्यासाठी रोजगार; जे करू शकत नाहीत त्यांच्यासाठी अनुदान, निवृत्तीवेतन आणि धान्य, अशी साहाय्याची साधारण विभागणी आहे. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. निराधार विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराने ग्रस्त अशा ६५ वर्षांखालील व्यक्ती तिच्या कक्षेत येतात. ६५ वर्षे व त्यावरील निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. २०१९ साली दरमहा ६०० रुपयांवरून १,००० रुपये करण्यात आलेले हे अनुदान २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाची कर्ती व्यक्ती मृत्यू पावल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपयांचे एकरकमी साहाय्य देण्याची तरतूद आहे.

आता एखाद्या वाडीवरील चाळिशीतल्या विधवेची कल्पना करावी. पदरी दोन मुले, नावावर जमीन नाही. निराधार अनुदानासाठी तिला पतीच्या मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, राज्यातील रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधारपत्र आणि बँकेचे पासबुक एवढे कागद जमवावे लागतात. त्यांतील एक कागद ग्रामपंचायतीत, दुसरा तलाठ्याकडे म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, तिसरा तहसीलमध्ये, चौथा बँकेत. मृत्यूची नोंद दवाखान्याच्या गावी झाली असेल तर आणखी एक गाव. प्रत्येक फेरीला एस.टी.चे भाडे लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. चार फेऱ्या झाल्या, म्हणजे तिने चार दिवसांची मजुरी शासनाच्या दारी खर्च केली. आणि पाचव्या फेरीला ‘नावात एक अक्षर चुकले आहे’ असे कळते. शिधापत्रिकेवर सासरचे नाव, आधारपत्रावर माहेरचे. सुशिक्षिताला किरकोळ वाटणारी ही बाब तिच्या दृष्टीने बंद दरवाजा ठरते.

सहा महिन्यांचा विलंब याचा अर्थ ९,००० रुपये. कचेरीच्या हिशेबात तो ‘प्रलंबित प्रकरण’ एवढाच असतो. तिच्या घरात तो सावकाराकडे गहाण पडलेले डोरले असतो, किंवा शाळा सोडून कामावर गेलेली थोरली मुलगी असतो.

उत्पन्नाच्या दाखल्याविषयीही थोडा विचार झाला पाहिजे. या अनुदानासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा २१,००० रुपये ठरविण्यात आली होती. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. एखाद्या कुटुंबाने कायद्याने दिलेले १०० दिवसांचे काम पूर्ण केले, तर त्याची मजुरी २९,७०० रुपये होते. म्हणजे एका योजनेचा पुरेपूर लाभ घेणारे कुटुंब कागदावर दुसऱ्या योजनेला अपात्र ठरण्याचा संभव. अशा वेळी दाखल्यावरील आकडा प्रत्यक्ष परिस्थितीपेक्षा दाखला लिहिणाऱ्याच्या सहानुभूतीवर अवलंबून राहतो. ज्याच्याविषयी सहानुभूती नाही, त्याचा कागद अडतो. अशा विसंगती गावपातळीवरून वर कळविल्या गेल्या, तरच निकष सुधारतात.

धान्याचा हक्क

धान्याच्या बाबतीत कायदा अधिक स्पष्ट आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्यानुसार अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य करण्यात आले. १८ वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख मानली जाते, आणि हक्काचे धान्य न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्त्याची तरतूद आहे. प्राधान्य गटात न बसणाऱ्या शेतकरी कुटुंबांसाठी राज्याने १५ ऑगस्ट २०१५ पासून मराठवाड्यासह शेतकरी आत्महत्याग्रस्त अशा १४ जिल्ह्यांत सवलतीचे धान्य सुरू केले. धाराशिव त्यांपैकीच एक. २०२३ मध्ये धान्याऐवजी दरमहा माणशी १५० रुपये बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय झाला.

येथेही अखेरचे अंतर कागदाचेच आहे. घरात सून आली, मूल जन्मले, पण शिधापत्रिकेत नाव चढले नाही, तर ते पाच किलो कोठेच मोजले जात नाहीत. विभक्त झालेल्या भावांची शिधापत्रिका एकच राहिली, तर कोणा एकाच्या घरी धान्य जाते. दुकानदाराशी वाद घालून हा प्रश्न सुटत नाही. तो नोंदीचा प्रश्न आहे.

दोन चुका

योजनांची अंमलबजावणी करणाऱ्यांच्या मनात एक भीती कायम असते. अपात्र माणसाला लाभ दिला गेला तर चौकशी होईल, वसुली निघेल. ही भीती निराधार नाही. सार्वजनिक पैसा जपून वापरलाच पाहिजे. परंतु चूक दोन प्रकारची असते. अपात्राचे नाव यादीत जाणे ही एक. पात्राचे नाव यादीत न येणे ही दुसरी. पहिली चूक दिसते. यादी वाचली की ती कोणाच्या तरी लक्षात येते, तक्रार होते, वर्तमानपत्रात बातमी येते. दुसरी चूक दिसत नाही. कारण न लिहिलेले नाव कोणत्याच नोंदवहीत सापडत नाही. त्या माणसाची तक्रारही नसते, कारण आपला हक्क होता हेच त्याला ठाऊक नसते. लेखापरीक्षक पहिल्या चुकीचा शोध घेतो. दुसऱ्या चुकीचा शोध घेणारा कोणी असेल, तर तो गावातलाच माणूस असला पाहिजे.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत ही दुसरी चूक विशेष घडते. भूम, वाशी, परंडा, कळंब या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात पाच-सहा महिने राबतो. ग्रामसभा प्रथेप्रमाणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. यांपैकी २६ जानेवारीला हे लोक उसाच्या फडात असतात. जानेवारीच्या सभेत लाभार्थ्यांची यादी ठरली, तर ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे तेच तेथे नसतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांना हयातीचा दाखला कोठे द्यावा, अंगठा उमटत नसेल तर धान्य कसे मिळवावे, हे सांगणारे घरात कोणी नसते. शिधापत्रिका परराज्यात चालण्याची व्यवस्था २०१९ पासून सुरू झाली आहे. महाराष्ट्र आणि गुजरात ही तिच्या आरंभीच्या राज्यांपैकी होत. ही माहिती अड्ड्यावरून ट्रक सुटण्यापूर्वी त्या कुटुंबाला मिळाली, तरच तिचा उपयोग.

जिल्ह्यातीलच एक उदाहरण

हे अंतर भरून काढता येते का? या जिल्ह्याच्या इतिहासातच त्याचे उत्तर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा आणि या जिल्ह्यातील सास्तूरचा परिसर उद्ध्वस्त केला. सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. पूर्ण नष्ट झालेली गावे नव्याने वसविण्यात आली. पण त्याखेरीज सुमारे १,३०० गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करावयाचे होते. तेथे घरमालकाने साहाय्याचे हप्ते घेऊन स्वतःच घर दुरुस्त करावे, अशी पद्धत ठरली. हप्ते कधी मिळतात, घर भूकंपात टिकावे म्हणून काय करावयाचे, अभियंत्याशी काय बोलावयाचे, हे कळल्यावाचून ती चालणे शक्य नव्हते. म्हणून महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. या स्त्रिया घरोघर गेल्या, माहिती सांगितली, अडलेले प्रश्न ग्रामसभेत आणि कचेरीत मांडले. त्यांतील पुष्कळ जणी त्याआधी तालुक्याच्या कचेरीची पायरी चढलेल्या नव्हत्या.

शासनाजवळ पैसा होता आणि नियम होते. गावाने त्यात माणूस घातला, तेव्हा ते घरापर्यंत गेले. संवाद सहायकांचा अनुभव एवढेच सांगतो की, अर्जदार आणि कचेरी यांच्यामध्ये विश्वासाचे एक माणूस उभे राहिले, तर दलालाची गरज उरत नाही.

गावात काय करता येईल

यासाठी नव्या योजनेची वा नव्या निधीची आवश्यकता नाही. पहिली गोष्ट पोचेची. ग्रामपंचायतीत येणारा प्रत्येक अर्ज, मग तो कामाच्या मागणीचा असो वा नाव चढविण्याचा, आवक नोंदवहीत त्याच दिवशी लिहिला जावा आणि अर्जदाराला तारीख व क्रमांक असलेली पोच मिळावी. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून घ्यावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये झाला, त्यानेही हाच आग्रह धरला आहे. अधिसूचित सेवेसाठी अर्ज करणाऱ्याला अर्जाचा क्रमांक, तारीख आणि सेवेची मुदत दर्शविणारी पोच द्यावयाची. मुदतीत काम न झाल्यास अपील करता येते, आणि समर्थनीय कारणावाचून विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. उत्पन्न व रहिवासाचे दाखले या सेवांमध्ये येतात. पोच हाती असलेला माणूस विनवणी करीत नाही, विचारणा करतो. हा फरक लहान नाही.

दुसरी गोष्ट यादीची. लाभ मिळणाऱ्यांची यादी वाचून दाखविण्याचा प्रघात आहे. त्याबरोबरच लाभ न मिळणाऱ्यांचीही एक यादी गावाने करावी. प्रत्येक सदस्याने आपल्या प्रभागातील विधवा, दिव्यांग, एकाकी वृद्ध आणि भूमिहीन यांची घरे मोजावीत आणि प्रत्येक घरापुढे काय मिळते, काय मिळत नाही, याची खूण करावी. शंभर-सव्वाशे घरांच्या प्रभागात हे दोन संध्याकाळींचे काम आहे. लेखापरीक्षकाला न दिसणारी ती दुसरी चूक या वहीत दिसू लागेल.

तिसरी गोष्ट वेळेची. नावे ठरविण्याचे आणि तपासण्याचे काम ऊसतोडीच्या कुटुंबांसाठी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत उरकावे आणि १ मे च्या सभेत पुन्हा पाहावे. जाणाऱ्या कुटुंबांची नोंद ठेवावी. मागे राहणाऱ्या वृद्धांची जबाबदारी सदस्यांनी वाटून घ्यावी.

शिक्षकांचे स्थान यात फार मोलाचे आहे. मुलांच्या वहीत घराची हकीकत उमटते, ती शिक्षक वाचू शकतो. मुलगी सलग आठवडाभर का आली नाही, याचे कारण तिच्या वडिलांच्या मृत्यूत आणि आईच्या अडलेल्या अर्जात असू शकते. प्रत्येक शिक्षकाने वर्षभरात अशा एका घराचा अर्ज पुरता मार्गी लावला, तरी जिल्ह्याचे चित्र पालटेल. जन्मतारीख आणि नाव यांची शाळेतील नोंद अचूक ठेवणे हीदेखील सेवाच आहे. त्या नोंदीवर पुढे त्या मुलाचे सगळे दाखले उभे राहतात.

तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांनी आठवड्यातील एक दिवस गावाकडे जावे, ही सूचना नवी नाही. परंतु शिबिर भरविताना महसूल, पंचायत, पुरवठा आणि बँक ही चारही खाती एकाच मंडपात बसली पाहिजेत. विधवेच्या चार फेऱ्या तेव्हाच एका फेरीत होतात. त्रुटी असेल, तर ती तोंडी न सांगता सर्व त्रुटी एकाच वेळी लिहून द्याव्यात. नदीकाठच्या गावांत घरात पुराचे पाणी शिरले की धान्याबरोबर शिधापत्रिकाही भिजते. अशा प्रसंगी दुबार कागद देण्याचे काम पंचनाम्याबरोबरच सुरू व्हावे.

कल्याणकारी राज्य ही संकल्पना फार मोठी आहे. परंतु वाडीवरच्या बाईला ते राज्य भेटते ते नोंदवही उघडून बसलेल्या एका माणसाच्या रूपाने. तो तिच्याकडे मान वर करून पाहतो का, तिचे नाव नीट लिहितो का, आणि तिच्या हातात तारखेची चिठ्ठी देतो का, यावरून ती शासनाविषयी आपले मत बनविते. १९७२ साली या जिल्ह्याच्या माळांवर ज्यांनी खडी फोडली, त्यांच्या घामातून ‘हमी’ हा शब्द कायद्यात आला. त्या शब्दाची दुसरी बाजू ‘पोच’ ही आहे, आणि ती देण्याचा अधिकार येथे जमलेल्यांच्या हाती आहे. उद्या सकाळी ग्रामपंचायतीचे दार उघडेल तेव्हा पहिला अर्ज घेऊन जो कोणी येईल, त्याच्यापासून आरंभ करता येईल.